बिबळ्याच्या पेल्यातलं निळं पाणी, रक्तचंदन आणि बाकीचा गोतावळा

मृदगंध
मंडळी, बिबळ्याच्या लाकडाचा पेला घरात आला आहे. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं, म्हणजे साखर उतरते, असं देणाऱ्याचं म्हणणं. साखरेचं नंतर बघू. माझी अडचण रंगाची आहे.

सकाळी ते पाणी काचेच्या ग्लासात ओतून खिडकीसमोर धरलं तर सोनेरी पिवळं दिसतं. तोच ग्लास काळ्या कापडापुढे ठेवला आणि मी खिडकीकडे पाठ करून उभी राहिले, तर पाण्यावर निळसर झाक. विशेषतः काठाशी, जिथे पाणी काचेला टेकतं तिथे. ग्लास हलवला की निळं हलतं, पण पाणी पिवळंच. पेल्याला काही लावून विकतात की लाकडाचाच गुण आहे?

दुसरं, पेला देणारा म्हणाला की बिबळा आणि रक्तचंदन भाऊ-भाऊ. खरं का? मग चंदन कोण?

खवचट खार
पेल्याच्या बुडाशी एलईडी असेल. चार्जिंगची पिन शोधा.

काचपात्र
काही लावलेलं नाही, लाकडाचाच गुण आहे. आणि हे कोडं साडेचारशे वर्षं जुनं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

१५६५ मध्ये सेव्हिलच्या निकोलास मोनार्देस नावाच्या वैद्याने मेक्सिकोकडून येणाऱ्या एका लाकडाबद्दल लिहून ठेवलं. मूत्रपिंडाच्या विकारांवर ते पाण्यात भिजवून पीत. खरं लाकूड ओळखायची खूण कोणती, तर पाण्याला निळी झाक येते. नाही आली तर भेसळ. युरोपात या लाकडाला 'लिग्नम नेफ्रिटिकम' म्हणत आणि त्याचे पेले राजेरजवाड्यांना भेट जात. अथानासियस किर्शर या जेझुइट पंडिताने असा एक पेला सम्राट तिसऱ्या फर्डिनंडला दिला होता. म्हणजे बिबळ्याचा पेला भेट द्यायची पद्धत बऱ्याच वरच्या दर्जाची आहे, मृदगंध.

पुढे १६६४ मध्ये रॉबर्ट बॉइलने त्या पाण्यावर रीतसर प्रयोग केले. तुम्ही केलंत तेच त्याने केलं: उजेड आणि डोळा यांच्यामध्ये बाटली धरली तर सोनेरी, उजेडाकडे पाठ केली तर निळं. त्याने पुढे जाऊन त्यात आम्ल टाकलं. निळं गेलं, पिवळं राहिलं. मग अल्कली टाकली, निळं परत आलं. हे बघून त्याने सुचवलं की एखादा द्राव आम्ल आहे की अल्कधर्मी हे तपासायला हे पाणी वापरता येईल.

पण निळं का दिसतं हे त्याला सांगता आलं नाही. ते सांगितलं जॉर्ज स्टोक्सने, १८५२ मध्ये. काही पदार्थ उजेडातला जांभळा आणि जांभळ्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा भाग शोषतात आणि त्या बदल्यात जास्त तरंगलांबीचा, म्हणजे आपल्याला दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. 'फ्लुओरेसन्स' हा शब्द त्याचाच. ट्यूबलाइटच्या आतला पांढरा लेप याच तत्त्वावर चालतो, त्यामुळे खारताई, तुमचा एलईडीचा विनोद अगदीच हुकलेला नाही.

पिवळं दिसतं कारण पाण्यातून आरपार आलेल्या उजेडातून जांभळा-निळा भाग गळलेला असतो. निळं दिसतं कारण पाणी स्वतः तो प्रकाश सगळ्या दिशांना फेकत असतं. समोर खिडकी असली की तिच्या झगझगाटात तो हरवतो, मागे काळं कापड असलं की उठून दिसतो. आणि काठाशी जास्त दिसतो कारण जांभळ्यापलीकडचे किरण पाण्यात फार आत जायच्या आधीच शोषले जातात.

खवचट खार
दंडवत. पण मी ताई नाही, दादा आहे.

निशिगंधा
काचपात्र, प्रतिसाद आवडला. एक शंका. मोनार्देसचं लाकूड मेक्सिकोचं, आणि बिबळा आपल्या डोंगरातला. मग दोन्हींना एकच गुण कसा?

काचपात्र
बरोबर जागी बोट ठेवलंत. ही गफलत युरोपीयांच्या डोक्यातही तीनशेहून जास्त वर्षं होती. औषध म्हणून येणारं लाकूड नेमकं कुठल्या झाडाचं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. विल्यम सॅफर्ड या अमेरिकी वनस्पतीतज्ज्ञाने १९१५ मध्ये उकल केली: त्या एका नावाखाली दोन झाडं होती. एक मेक्सिकोचं, आयझेनहार्टिया पॉलिस्टाकिया. दुसरं फिलिपिन्सचं 'नारा', म्हणजे टेरोकार्पस इंडिकस. फिलिपिन्स आणि मेक्सिको दोन्ही तेव्हा स्पेनच्या ताब्यात, मनिलाहून अकापुल्कोला गलबतं जायची, त्यामुळे माल एकाच वाटेने युरोपात पोचे. मेक्सिकोचं झाड लहानखुरं, त्यातून मोठे पेले निघणं कठीण. ते बहुधा नाराचे.

दोन्ही झाडं वाटाण्याच्या कुळातली. तुमचा बिबळा म्हणजे टेरोकार्पस मार्सुपियम, नाराचा सख्खा भाऊ.

रसायनाचा छडा मात्र फार उशिरा लागला. २००९ मध्ये मेक्सिकोच्या लाकडातलं निळं चमकणारं संयुग ओळखण्यात आलं, त्याला मॅटलालिन म्हणतात. गंमत म्हणजे ते लाकडात तयार नसतं. लाकडातलं दुसरंच संयुग किंचित अल्कधर्मी पाण्यात उतरतं, हवेतला ऑक्सिजन घेतं आणि मग मॅटलालिन होतं. बॉइलचं आम्ल-अल्कलीचं निरीक्षण इथे येऊन बसतं.

मृदगंध, घरी लिंबू आणि खायचा सोडा असेलच. दोन वेगळ्या ग्लासांत करून बघा. ते पाणी मग पिऊ नका एवढंच.

डोंगरवाट
रसायन काचपात्रांकडे, झाड माझ्याकडे.

टेरोकार्पस ही प्रजाती उष्ण कटिबंधात सगळीकडे पसरलेली आहे: भारत, म्यानमार, आग्नेय आशिया, आफ्रिका, मध्य आणि दक्षिण अमेरिका, कॅरिबियन. जाती तीस-चाळीसच्या घरात. आपल्याकडच्या तीन लक्षात ठेवण्यासारख्या. बिबळा, ज्याला असणा, बीजक, विजयसार अशीही नावं आहेत. रक्तचंदन, म्हणजे टेरोकार्पस सँटालिनस. आणि अंदमानचा पडौक, टेरोकार्पस डाल्बर्जिऑइडिस, जो फक्त अंदमानातच रानटी वाढतो. तेव्हा हो, बिबळा आणि रक्तचंदन भाऊ-भाऊच. चंदनाशी मात्र दोघांचं काही नातं नाही. चंदनाचं कुळ निराळं, ते झाड शेजाऱ्यांच्या मुळांतून अन्न ओढणारं अर्धं परजीवी. रक्तचंदनाला तसा सुवासही नाही. नावातला 'चंदन' उगाळण्यापुरता.

या सगळ्या गोतावळ्याला बांधून ठेवतं ते फळ. कुळ वाटाण्याचं, म्हणजे फळ शेंग असायला हवं, आणि ती शेंगच आहे. पण उकलत नाही, लांब नाही, चपटी गोल आहे. मधोमध फुगीर टणक गाभा, त्यात एखाद-दोन बिया, आणि भोवती कागदी पंखाची पूर्ण गोल कड. बिबळ्याचं फळ पाच सेंटिमीटरपर्यंत मोठं होतं. हातात घेतलंत तर एका बाजूला देठ आणि त्याच्या जवळच कडेला छोटीशी चोच दिसेल. ही चोच म्हणजे फुलाच्या परागवाहिनीचा उरलेला तुकडा. शेंग वाढताना वाकून गोल झाली म्हणून टोक असं कडेला आलं. हे एकदा पाहिलं की त्या चकतीत शेंग दिसायला लागते.

पंखाचं काम जातीनुसार बदललं आहे. आफ्रिकेच्या कोरड्या माळरानातला टेरोकार्पस अँगोलेन्सिस: मधला गाभा काट्याकुट्यांनी भरलेला, पंख चांगला रुंद. उलट कॅरिबियन दलदलीतला टेरोकार्पस ऑफिसिनॅलिस पाण्याच्या काठी, खारफुटीच्या मागच्या गोड्या पाण्यात उभा असतो. तिथे वारा काय कामाचा? त्याचं फळ जाडसर, पंख नावापुरता, आणि ते तरंगत जातं. प्वेर्तो रिकोत याची जंगलं अजून उरली आहेत, बुंध्याच्या फळ्या भिंतीसारख्या पसरलेल्या.

रानमेवा
डोंगरवाट, चपटी गोल फळं वावळालाही असतात ना? उन्हाळ्यात झाडाखाली खच पडतो. फरक कसा करायचा?

डोंगरवाट
वावळाचं फळ बरंच लहान आणि हलकं, मधला गाभा बोटाला जेमतेम जाणवतो. बिबळ्याचा गाभा दाबून दबत नाही. पण फळापेक्षा पान बघा. वावळाचं पान साधं, एकेकटं, चुरगळलं की उग्र वास. बिबळ्याचं पान संयुक्त, एका दांडीवर पाच ते सात पर्णिका, आणि प्रत्येक पर्णिकेच्या टोकाला बारीकशी खाच. रक्तचंदनाला बहुतेक तीनच पर्णिका, त्याही रुंद.

फुलं नसतील, फळं नसतील, पान उंच असेल, तर साल. बिबळ्याच्या सालीला घाव बसला की लाल रस येतो आणि वाळून काळपट लाल, ठिसूळ, काचेसारखा तुटणारा डिंक होतो. हाच 'मलबार किनो', एके काळी ब्रिटिश फार्माकोपियात अधिकृत औषध होता, जुलाबावर द्यायचे. ओळख पटवण्यासाठी कोयता मारू नका हे सांगायला नको. जुन्या झाडावर आधीच्या जखमांचे ओघळ असतातच.

करवतकाठी
लाकडाबद्दल थोडं. मी पडौक वापरतो, आफ्रिकेचा, टेरोकार्पस सोयॉक्सी. ताजा कापला की इतका भडक नारिंगी-लाल की बघणारा म्हणतो रंग मारलाय. उजेडात ठेवला की काही महिन्यांत तपकिरी. ग्राहकाला हे आधीच सांगावं, नाहीतर 'रंग उडाला' म्हणून परत येतो. नाद उत्तम, झायलोफोन आणि मरिम्बाच्या पट्ट्या याच्या करतात.

भुसा मात्र भयंकर. नाकात जातो, शिंका, अंगाला खाज. मास्क न घालता रंधा-सँडर चालवू नये. आणि दुसरं दुखणं असं की पडौकच्या शेजारी पांढरं लाकूड जोडून वर स्पिरिटमधलं लाख पॉलिश फिरवलं, की लाली पांढऱ्या लाकडात ओढली जाते. मग कितीही घासा. पाण्याने पुसलं तर असं होत नाही. का ते कोणी सांगेल का?

काचपात्र
करवतकाठी, सुंदर निरीक्षण. पडौक आणि रक्तचंदन यांच्या लालीत सँटालिन नावाची रंगद्रव्यं आहेत. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये झटकन विरघळतात. स्पिरिट पॉलिश म्हणजे अल्कोहोल, त्यामुळे पांढरं लाकूड रंगणारच. आधी पांढऱ्या भागावर स्पिरिट नसलेलं सीलर मारून बघा.

युरोपातल्या जुन्या रंगाऱ्यांनी लाल लाकडांचे दोन गट पाडले होते: पाण्यात न विरघळणारी आणि विरघळणारी. पहिल्या गटात रक्तचंदन आणि आफ्रिकेतले त्याचे भाऊबंद, दुसऱ्यात पतंग नावाच्या झाडाचं लाकूड.

सहाण
थांबा थांबा. पाण्यात विरघळत नाही म्हणता, मग रक्तचंदनाची बाहुली सहाणेवर पाण्यात उगाळली की लाल गंध कसं निघतं? मुका मार लागला की आमच्याकडे तेच लावतात. आणि ऑनलाइन 'रक्तचंदन पावडर' मागवली होती, ती गरम पाण्यात टाकताच पाणी गुलाबी-लाल, एकदम पारदर्शक. ती तर जास्त अस्सल असणार!

काचपात्र
उलट, सहाणताई. सहाणेवर जे लाल दिसतं ते लाकडाचं बारीक पीठ, पाण्यात मिसळलेलं, विरघळलेलं नव्हे. गंध वाटीत पाण्याने पातळ करून तासभर ठेवा. लाल साका खाली बसेल आणि वरच्या पाण्यात रंग फारसा उरणार नाही.

गरम पाणी पारदर्शक लाल करणारी भुकटी बहुधा पतंगाची, किंवा सरळ कृत्रिम रंगाची. पतंग हेही वाटाण्याच्याच कुळातलं, पण टेरोकार्पस नाही. केरळात प्यायचं पाणी पतंगाने गुलाबी करतात, त्यात काही वावगं नाही. फक्त ते रक्तचंदन म्हणून विकलेलं नसावं.

चमचाभर भुकटी थंड पाण्यात, चमचाभर स्पिरिटमध्ये. पाणी लाल आणि स्पिरिट फिकं, तर नक्की गडबड. पाणी जवळजवळ तसंच आणि स्पिरिट गडद लाल, तर निदान जात जवळची.

डोंगरवाट
यात तिसरा तोतया आहे, रतनगुंज. त्या लाल चकचकीत बियांच्या झाडाच्या लाकडालाही कित्येक ठिकाणी रक्तचंदन म्हणतात. भारतभर बागांतून 'आमच्याकडे रक्तचंदनाचं झाड आहे' असं कौतुकाने दाखवलं जातं, वर बघावं तर रतनगुंज. लाल बिया दिसल्या की पैज लावा, रक्तचंदन नाही. खऱ्या रक्तचंदनाचं फळ वर सांगितलं तसं, पंखवालं.

अवांतर: अस्सल रक्तचंदनाचं गाभ्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. बाहुलीची ही एक सोपी कसोटी, अर्थात बुडणारी बाकी लाकडंही आहेत.

नाडीपरीक्षा
साखरेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. बिबळ्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, १९९८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. नव्याने मधुमेहाचं निदान झालेले, इन्शुलिन न लागणारे ९७ रुग्ण. १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. आकडा छान दिसतो. पण दोन गोष्टी: तुलनेसाठी औषध न घेणारा गट नव्हता, आणि रुग्णांना मोजून अर्क दिला होता, पेल्यातलं पाणी नव्हे. पेला पहिल्या आठवड्यात जितकं देतो तितकं तिसऱ्या महिन्यात देत नाही, पाणी किती तास होतं, लाकूड गाभ्याचं की बाहेरच्या फिक्या थराचं, यावर मात्रा बदलते. अशी मात्रा मी कोणाला लिहून देणार नाही.

ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी गोळी बंद करून पेला धरू नये. दोन्ही एकत्र घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, साखर खाली जाण्याची भीती असते. आणि निळी झाक म्हणजे औषध उतरलं, असं मानायचं काहीच कारण नाही. चमकणारं संयुग वेगळं आणि साखरेवर काम करणारं वेगळं असू शकतं.

मृदगंध
धन्यवाद, नाडीपरीक्षा. पेला सासूबाईंसाठी आहे आणि त्यांच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवते.

लिंबाचा प्रयोग केला. थेंब-थेंब टाकलं. निळी झाक विरत गेली, पाणी पिवळं राहिलं. सोड्याने परत आली, पण आधीइतकी नाही. लेकाला भारी आवडलं, आता तो घरातल्या प्रत्येक लाकडी वस्तूचा तुकडा मागतोय.

कोरडवाहू
मूळ विषय जरा बाजूला सारतो. रक्तचंदन लावा, पंधरा वर्षांत करोडपती व्हा, अशा जाहिराती फोनवर रोज येतात. रोपं देणारे खरेदीचीही हमी देतात. कोणी लावलंय का?

खवचट खार
पंधरा वर्षांनी हमी देणारा सापडला तर करोडपती तुम्ही नाही, वकील होईल.

डोंगरवाट
कोरडवाहू, भाव असतो तो गाभ्याच्या गडद लाल लाकडाला. बाहेरचा फिका थर कोणी विचारत नाही. गाभा भरायला दशकं जातात, आणि कमी पावसाच्या, खडकाळ, निचऱ्याच्या जमिनीत तो चांगला भरतो असा अनुभव. हे झाड मुळात कुठलं बघा: पूर्व घाटाचा दक्षिणेकडचा पट्टा, मुख्यतः आंध्रातले कडप्पा, चित्तूर भागातले कोरडे डोंगर, शेषाचलम वगैरे. काळ्या जमिनीत ठिबकवर खत-पाणी देऊन झाड उंच होईल, बुंधा जाड होईल. आत काय भरलंय ते कापल्यावर कळेल.

गिऱ्हाईक कोण? चीन आणि जपान. चीनमध्ये याला 'त्झुतान' म्हणतात, छिंग राजांच्या काळातलं दरबारी फर्निचर याचं. जपानात शामिसेन या तंतुवाद्याचा दांडा उत्तम प्रतीचा हवा तर रक्तचंदनाचाच. या मागणीमुळेच तस्करी. १९९५ पासून हे झाड साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. शेतात लावलेल्या झाडांना अलीकडे वाट थोडी मोकळी झाली आहे. तरी लागवडीची नोंद, तोडणीची परवानगी, वाहतुकीचा पास हे सगळं लागेलच. सात-बारावर झाडांची नोंद आजच करून घ्या. जाहिरातवाला हे सांगत नाही.

बांधाला, पडीक तुकड्यावर लावा, नातवासाठी. कर्ज काढून लावू नका, एवढं माझं स्पष्ट मत.

निशिगंधा
एका झाडावर एवढा भार पडला की व्यापारी शेजारच्या जातीकडे वळतात ना? तसं इथे झालं का?

डोंगरवाट
झालं, आणि वाईट झालं. चीनने २००० साली 'होंगमू', म्हणजे उंची लाल लाकूड, कशाला म्हणायचं याचं मानक काढलं. त्यात टेरोकार्पसच्या बऱ्याच जाती होत्या. आशियातला माल आटला तशी पश्चिम आफ्रिकेतल्या टेरोकार्पस एरिनेसियसवर कुऱ्हाड आली. तिथल्या गावांना हे झाड जनावरांचा चारा देतं, बालाफोन या वाद्याच्या पट्ट्या त्याच्याच. गोल ओंडक्यांनी भरलेले कंटेनर गेले, एकामागून एका देशातून. एक देश बंदी घाली, तोवर ट्रक शेजारच्या देशातून निघे. २०१७ मध्ये ही जात साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. त्याने व्यापारी मध्य आफ्रिकेतल्या टेरोकार्पस टिंक्टोरियसकडे वळले, म्हणून २०१९ मध्ये तीही घ्यावी लागली. शेवटी २०२२ च्या पनामा परिषदेत आफ्रिकेतल्या सगळ्याच टेरोकार्पस जाती एकगठ्ठा यादीत घातल्या. फळ्या बघून जात ओळखणं कस्टमवाल्याला शक्य नसतं, त्यामुळे एकेक जात घेण्यात अर्थच नव्हता.

करवतकाठी
म्हणजे माझ्या पडौकलाही आता कागद हवा. पुरवठादाराला विचारतो.

डोंगरवाट
सोयॉक्सी आफ्रिकेचाच, तेव्हा आयातीचे कागद असायलाच हवेत. नक्की विचारा.

रानमेवा
काहीतरी चांगलं सांगा आता. यांची फुलं कशी असतात? बिबळा फुलात असताना कधी गाठ पडली नाही.

डोंगरवाट
पिवळी, पाकळ्यांच्या कडा चुरगळलेल्या कागदासारख्या. बिबळा पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी फुलतो, तेव्हा आसपास हिरवं इतकं असतं की लक्ष जात नाही. वर बघण्यापेक्षा खाली पिवळा सडा शोधा.

खरा सोहळा म्यानमारचा. तिथला पडौक, टेरोकार्पस मॅक्रोकार्पस, एप्रिलमध्ये नववर्षाच्या पाणी-उत्सवाच्या सुमारास, पहिल्या सरी पडल्या की एकदम फुलतो. फूल एक दिवसाचं. आज झाड पिवळं, उद्या रस्ता पिवळा. बायका केसांत माळतात. नाराचंही तसंच, फिलिपिन्सचं तो १९३४ पासून राष्ट्रीय झाड आहे. सिंगापूरला त्याला अंगसाना म्हणतात आणि तिथल्या रस्त्यांना सावली लवकर मिळावी म्हणून माणसापेक्षा उंच फांद्या तोडून सरळ खड्ड्यात रोवल्या. मुळं फुटतात, झाड तयार. जुन्या काळी मात्र मलाया-सिंगापुरात एका मर रोगाने याच्या रांगाच्या रांगा वाळल्या होत्या. एकाच झाडाच्या फांद्यांपासून शहर सजवण्यातला धोका.

मृदगंध
बिबळ्याची फांदी अशी रोवून येईल का? लेक आता झाड लावायचं म्हणतोय.

डोंगरवाट
बिबळा तसा दाद देत नाही. बीच लावा. पूर्ण वाळलेली, झाडाखाली पडलेली फळं गोळा करा, पंखाची कड कात्रीने कापून टाका, गाभा तेवढा ठेवा. फोडून बी काढायच्या फंदात पडू नका, आतलं बी दुखावतं. गाभे एक-दोन दिवस पाण्यात भिजवून मग पिशवीत, वर अर्धा इंच माती. उगवण कमीच असते, तेव्हा हवी तितकी रोपं हिशोबात धरून तिप्पट-चौपट गाभे पेरा. पहिली दोन वर्षं गवत आणि गुरं यांच्यापासून जपा. ऊन भरपूर लागतं, इमारतीच्या सावलीत लावू नका.

मृदगंध
ताजी फळं चालतील की वर्षभर जुनी?

डोंगरवाट
याच हंगामातली. जुन्यावर वेळ घालवू नका.